भुताची गोष्ट पहिल्यांदाच मंचावर सांगणार आहेस, तर...

ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहातल्या मिनी थिएटरसारख्या छोट्या जागेत तुझा रोखलेला श्वासही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. हेच तुझं भांडवल. तेव्हा धुराचं मशीन, हिरवा दिवा, रेकॉर्ड केलेली कोल्हेकुई घरीच ठेव. नवखे हमखास इथेच घसरतात. नाहीतर पहिल्याच मिनिटाला किंकाळी फोडतात आणि मग पुढे चढायला जागाच उरत नाही.

सध्या एवढंच सांभाळ:

– भूत दाखवू नकोस. 'कडी वाजली' एवढंच म्हण आणि दाराकडे बघ. प्रेक्षकांच्या माना आपोआप वळतात. मनात तीन आकडे मोज, मगच पुढचं वाक्य.
– मुंजा पिंपळावरचा, गिऱ्हा पाण्यातला. गिऱ्हा हवा असेल तर येऊरच्या जंगलात कशाला, कळव्याच्या खाडीवर आण. निम्म्या लोकांना घरी जाताना तिथलाच पूल लागतो!
– कुणी हसलं तर बिचकू नकोस. घाबरलेला माणूस आधी हसतोच.

दुसऱ्याची कथा घेणार असशील तर परवानगी आधी काढ. लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत नंतर बघू. आधी सोसायटीच्या गच्चीवर आठ-दहा जणांना सांगून बघ, तेही ट्यूबलाइट चालू ठेवून.