उन्हाळाभर उभा असलेला डोंगरउतार पावसात का सरकतो? उताराच्या गणिती मॉडेलमध्ये हवा कशाला धरायची?

घाटकोपर-विक्रोळीचे उतार मे महिन्यात ठाम उभे असतात आणि जुलैत सरकतात; मग गणितात हवेचं काय काम, असं तुम्ही विचारलंय.

जुहूच्या वाळूचा किल्ला आठवा. कोरडी वाळू मुठीतून गळते, लाट आली की किल्ला बसतो. दमट असतो तोवरच उभा राहतो. दोन कणांच्या सांध्यात पाण्याचा इवलासा थेंब अडकलेला असतो, भोवती हवा. थेंबातला दाब हवेपेक्षा कमी, म्हणून कण एकमेकांकडे ओढले जातात. दाबातला हा फरक म्हणजे सक्शन. पोकळ्या पाण्याने भरल्या की तो संपतो, ओढही जाते, आणि उतार सुटतो.

मृदा-यांत्रिकीचे अभ्यासक बिशप यांनी १९५९ मध्ये हे सूत्रात बसवलं. मातीचे कण प्रत्यक्ष किती ताण पेलतात ते काढायला एकूण ताणातून हवेचा दाब वजा करा, सक्शनचा काही हिस्सा मिळवा. तो हिस्सा पूर्ण कोरड्या मातीत शून्य, पूर्ण भिजलेल्या मातीत एक (पण तेव्हा सक्शनच उरलेलं नसतं). पाणी मातीत कसं मुरतं ते काढायला मृदा-भौतिकीचे अभ्यासक रिचर्ड्स यांचं १९३१ चं समीकरण आहेच. पण दोन्ही एकत्र सोडवा. माती दबली की पोकळ्या बदलतात, आणि पाण्याची वाटही.

हवेचा दाब बाहेरच्याइतकाच धरला तरी बहुतेक वेळा चालतं. मात्र मुसळधार पावसात वरचा थर भिजून हवा खाली कोंडते आणि पाणी मुरणं मंदावतं. तिथे ही सूट घेऊ नका.

आणि लॅबकडून ओलावा-सक्शनचा वक्र (किती ओलाव्याला किती सक्शन, हे दाखवणारा) माती भिजतानाचा मागा. सुकतानाचा वेगळा येतो, आणि पावसाळ्याच्या हिशेबात तो चुकवतो.