जालना–छत्रपती संभाजीनगर रोज ये-जा करणारे लोक रेल्वे स्वस्त असूनही बस का धरतात?

याचे मुख्य कारण वेळेची अनिश्चितता हे आहे. भाड्याचा क्रमांक त्यानंतर लागतो. मासिक पासवर प्रवास करताना आणि सहप्रवाशांशी बोलताना माझे हेच मत झाले आहे. या टप्प्यात मार्ग एकेरी असल्यामुळे समोरून एक्स्प्रेस येणार असली की सवारी गाडी बदनापूर किंवा करमाडला बाजूच्या रुळावर थांबवून ठेवली जाते, आणि ज्याला पाळीच्या ठोक्याला कारखान्याच्या दारात हजर व्हायचे आहे, त्याला हा थांबा परवडत नाही. दुसरा प्रश्न स्थानकापासून पुढच्या प्रवासाचा. चिकलठाण्यात नोकरी असलेल्याला मुकुंदवाडीला उतरणे सोयीचे पडते, पण वाळूजला जाणाऱ्याला स्थानकाबाहेर पुन्हा बस किंवा रिक्षा शोधावी लागते आणि पासामुळे झालेली बचत तिथेच संपते. परतीची गाडी कामावरून सुटण्याच्या वेळेशी जुळत नसेल, तर सकाळची गाडी कितीही सोयीची असली तरी पास काढला जात नाही. माझ्या मते नियोजनात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे. शिवाय मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट लागत असल्याने त्यांच्यासाठी दोन्हींच्या खर्चातील अंतर बरेच घटले आहे. मात्र बस धरण्याची ही सारी कारणे नोकरदारांबाबत खरी आहेत; तासाभराचा उशीर चालू शकणारे विद्यार्थी आणि ओझे घेऊन निघालेले छोटे व्यापारी आजही रेल्वेच पसंत करतात.