श्वास पूर्ण मिनिटभर मोज

प्रिय मुली,

सोमवारपासून तू नर्स म्हणून वॉर्डात रुजू होणार. त्याआधी नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात एक चक्कर मार आणि सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घे. मोबाईलवर काम भागेल असं समजू नकोस. तो वॉर्डात जितका हाताळशील तितके जंतू घरी नेशील. घड्याळ लागेल ते श्वास मोजायला.

कुठल्याही वॉर्डाचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, पल्स आणि श्वास लिहायचा तक्ता, उघडून श्वासाचा रकाना बघ. तीस पेशंट असले तर तिसांचेही श्वास २०. असं होत नसतं. बीपी मशीन सांगतं, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, बोटाला लावलेला प्रोब दाखवतो. श्वास मात्र साध्या वॉर्डात कुणालातरी मोजावेच लागतात, म्हणून ते अंदाजाने लिहिले जातात. शरीर बिघडायला लागलं की पहिली खूण बहुतेकदा तिथेच उमटते. जंतुसंसर्ग पसरला, आत कुठे रक्त जात असलं, तर पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, रक्तात आम्ल साठतं आणि ते बाहेर टाकायला श्वास वाढतो. बीपी त्या वेळी बहुतेकदा चांगलंच दिसतं, कारण शरीर हृदयाचा वेग वाढवून, रक्तवाहिन्या आवळून ते काही काळ धरून ठेवतं. ते पडेपर्यंत तुझे कितीतरी तास हातातून गेलेले असतात.

मोजायची रीत अशी: आधी मनगट धरून पल्स मोज. मग हात तसाच धरून ठेव आणि नजर छातीवर ने. आपला श्वास कुणी मोजतंय हे पेशंटला कळलं की तो बदलतो. पूर्ण ६० सेकंद मोज. १५ सेकंद मोजून चारने गुणलंस, तर एका श्वासाची चूक चारची होते, आणि २० की २४ यावरच पुढचं सगळं ठरायचं असतं.

आता आकडे एकत्र वाचायला शीक. पोटाचं ऑपरेशन, दुसरा दिवस, वय ५८. श्वास २४, सॅच्युरेशन ९५, पल्स ११२, बीपी ११०/७०, ताप ९९.६, पेशंट शुद्धीवर. एकेक आकडा पाहिला तर 'ठीक आहे' म्हणून पुढच्या बेडकडे जाशील. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या न्यूज पद्धतीने गुण दे; तिच्यात प्रत्येक आकडा जितका बिघडलेला तितके जास्त गुण: श्वासाचे २, सॅच्युरेशनचा १, पल्सचे २, बीपीचा १. झाले ६. पाचला डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं असतं, सातला आणीबाणी. शिवाय केसपेपर मागे उलटून बघ. भरती झाला तेव्हा त्याचं बीपी १५०/९० होतं. म्हणजे आजचं ११० हे त्याच्यासाठी चाळीसने पडलेलं बीपी आहे. आणि एखादा पेशंट मेटोप्रोलोल, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणारं औषध, घेत असेल तर पल्स फारशी वाढणार नाही; तिथे पल्सवर विसंबू नकोस. म्हाताऱ्या माणसाला सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा, ताप येतोच असंही नाही.

लघवी तासातासाला बघ. किलोमागे तासाला निदान अर्धा मिली हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३०. युरोबॅगेत, म्हणजे लघवीच्या नळीच्या पिशवीत, काहीच दिसलं नाही तर आधी नळी कुठे दुमडली का, पेशंट तिच्यावर झोपला का, बॅग पलंगाच्या वर तर टांगली नाही ना, ते बघ. मग ओटीपोटावर हात ठेव, मूत्राशय भरलेलं लागतं का. हे सगळं ठीक असेल तर मात्र लघवी खरोखर कमी झाली आहे, आणि ते लगेच कळवायचं.

रात्री एखादी सून येऊन म्हणेल, "सिस्टर, बाबा काईच्या काई बोलून रायले." उठ आणि जा. संध्याकाळपर्यंत नीट बोलणारा माणूस अचानक बरळू लागला तर त्या एकट्या बदलाचे न्यूजमध्ये ३ गुण आहेत. 'म्हातारपण आहे' म्हणून त्याचे हात बांधून टाकू नकोस. शुगर, सॅच्युरेशन, बीपी, तुंबलेली लघवी, याच क्रमाने बघ. शुगर ७० च्या खाली आणि पेशंटला नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, ऑर्डरप्रमाणे. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणारा असेल तर शुगर एकदा वर आली म्हणून निश्चिंत होऊ नकोस, ती काही तासांनी पुन्हा पडते.

आपल्याकडचे दोन आजार तुला सारखे भेटतील. पहिला मे महिन्यातला उष्माघात. ताप १०४ च्या वर आणि माणूस भानावर नाही, म्हणजे उष्माघातच समजून चालायचं. घाम येत असला तरीही. काखेतलं थर्मामीटर कमी दाखवतं, गुदद्वारातून घ्यावं लागतं. पॅरासिटामॉल इथे कामाचं नाही. कपडे काढ, अंगभर पाणी मार, पंखा जोरात लाव, मानेला, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेव. १०२ ला आला की थांब, नाहीतर फार थंड पडतो. जूनमध्ये हवा दमट झाली की अंगावरचं पाणी वाळत नाही, तेव्हा भिस्त बर्फावर. लघवी चहाच्या काळ्या पाण्यासारखी दिसली तर स्नायू विरघळताहेत, लगेच सांग.

दुसरा सिकलसेल. आईवडिलांकडून आलेला हा रक्ताचा आजार; यात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून आलेली तरुण पोरं हातपाय दुखतात म्हणून भरती होतात. त्यांच्याबद्दल 'सारखं इंजेक्शन मागतो' असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नकोस, हे मी मनापासून सांगते. ती वेदना खरी असते आणि ती दाबली नाही तर छाती धोक्यात येते: दुखतं म्हणून श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे ऑक्सिजन कमी पडून पेशी आणखी वाकड्या होतात. भरतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोकला, ताप, छातीत दुखणं, सॅच्युरेशन उतरणं यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. वेदनेचं औषध वेळेवर, स्पायरोमीटर या खोल श्वास घ्यायच्या उपकरणावर जागेपणी दर दोन तासांनी १० श्वास, आणि मॉर्फिन दिलं असेल तर गुंगी व श्वास दोन्हींवर नजर.

आता फोन. रात्री दोनला डॉक्टरांना उठवायला तू घाबरशील. "सर, पेशंटला बरं नाही वाटत" एवढंच बोललीस तर "सलाईन चालू ठेवा" एवढंच उत्तर मिळेल. असं बोल: "सर, मेल सर्जरी, बेड १४. आतड्याचं ऑपरेशन, दुसरा दिवस. सहाला श्वास १८, पल्स ८८ होती. आत्ता श्वास २४, पल्स ११२, बीपी १५० वरून ११०. चार तासांत लघवी ८० मिली, वजन ६०. पोट कडक लागतंय. मला सेप्सिसची शंका येते. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर काय सुरू करू?" तोंडी मिळालेली ऑर्डर त्यांना परत वाचून दाखव. वेळ आणि काय बोलणं झालं ते लिही. अर्ध्या तासात कुणी आलं नाही तर त्यांच्या वरच्यांना फोन कर आणि नाईटच्या इन्चार्जला सांग.

औषधांपैकी दोनच सांगते. इन्सुलिनच्या ४० युनिटच्या (म्हणजे दर मिलीत ४० युनिट असलेल्या) बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये भरलंस तर डोस अडीचपट जातो. आणि पोटॅशियम क्लोराइड शिरेत थेट कधीच नाही, हृदय थांबतं. टांगलेल्या बाटलीत टोचलंस तर ते जड असल्याने तळाशी बसतं आणि सगळ्यात आधी तेच आत जातं. बाटली खाली उतरव, औषध घाल, दहा वेळा उलटसुलट कर, मग लाव. ५०० मिलीत २० एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक) असेल तर ती बाटली निदान दोन तास चालव. त्याआधी लघवी होते आहे ना, ते बघ.

हँडओव्हर काउंटरवर बसून घेऊ नकोस. आधीच्या सिस्टरला बेडजवळ ने. सलाईनची जागा सुजली आहे का, ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतून पाणी-रक्त बाहेर काढणाऱ्या नळीत, किती आणि कुठल्या रंगाचं, हे दोघींनी मिळून बघा. ऑपरेशनच्या पेशंटच्या कुशीखाली चादरीवर हात फिरव. ड्रेसिंग वरून कोरडं असतं आणि रक्त खाली साचलेलं असतं.

सस्नेह आशीर्वाद.