अल्फा ०.९१ आला, अहवाल द्यावा का?

प्रश्न: आमच्या रासायनिक कारखान्यात सुरक्षा संस्कृतीची ३६ विधानांची प्रश्नावली मराठीत करून १२० कामगारांकडून भरून घेतली. घटक सहा, प्रत्येकात सहा विधानं, गुण १ ते ५. क्रॉनबॅक अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, १च्या जवळ तितकं चांगलं) ०.९१ आला. प्रश्नावली विश्वासार्ह मानावी का?
– सुरक्षा अधिकारी, तळोजा

उत्तर: अहवाल थोडा थांबवा. ३६ विधानांचा मिळून एकच अल्फा काढलात, गोम तिथेच आहे. विधानं वाढली की अल्फा आपोआप चढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन विधानांचे गुण किती सोबत चढतात-उतरतात ते; जास्तीत जास्त १) जेमतेम ०.२२ असला, तरी ३६ विधानांना साधारण ०.९१ मिळतो, तेवढ्याच सहसंबंधाच्या सहा विधानांना मात्र ०.६३. म्हणून सहाही घटकांचे अल्फा वेगवेगळे काढा. ०.७च्या खाली राहिलेल्या घटकात प्रत्येक विधान उरलेल्या पाचांच्या बेरजेशी ताडून पाहा. सहसंबंध ०.३हून कमी आला तर विधान लगेच वगळू नका, आधी त्याची भाषा तपासा.

बऱ्याचदा दोष उलट विधानांत, म्हणजे ‘सहमत’ म्हटलं की सुरक्षा कमी दिसते अशा विधानांत, सापडतो. ‘उत्पादन अडलं की परमिटशिवाय काम सुरू होतं’ याचे गुण ६मधून वजा करूनच घ्यायचे. ते विसरलं तर अल्फा कोसळतो, कधी ऋणही येतो. नकारार्थी विधानंही फसवतात: ‘सुपरवायझर तक्रारीकडे दुर्लक्ष करत नाही’ याला ‘असहमत’ म्हणायचं तर नकारावर नकार होतो, आणि पाळी सुटताना घाईत भरणारा तिथे हमखास चुकतो. ‘तक्रार केली की सुपरवायझर त्याच दिवशी येऊन पाहतो’ असं सरळ लिहा.

फॉर्म कोणी गोळा केले? कंत्राटदाराच्या मुकादमाने केले असतील, तर कामगार खरं लिहिणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. कुणी सगळीकडे ५, कुणी सगळीकडे ३ अशा खुणा केल्या की सरळ विधानांचा अल्फा उगाच फुगतो. असे फॉर्म बाजूला काढून आकडेमोड पुन्हा करा. पुढच्या वेळी कुलूपबंद पेटी ठेवा.

शेवटी पुनर्चाचणी. नाव न घेता, कामगाराने स्वतः निवडलेल्या सांकेतिक क्रमांकावर, ४०-५० जणांकडून दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरून घ्या. साधा सहसंबंध इथे पुरत नाही: सगळ्यांचे गुण एकेकाने घसरले तरी तो १च दाखवतो. आंतरवर्ग सहसंबंध गुणांक (ICC) काढा, तोही दोन वेळच्या गुणांची तंतोतंत जुळणी मोजणारा, ०.७५च्या वर असला तर चांगला. मधल्या काळात अपघात किंवा मोठं प्रशिक्षण झालं असेल, तर ही फेरी बाद धरा; तेव्हा बदललेलं उत्तर हे खरोखर बदललेलं मत असू शकतं.