व्यक्तिमत्त्व पाचव्या वर्षापर्यंतच ठरतं का? फ्रॉइड, ॲडलर, विनिकॉट, एरिक्सन यांच्यापैकी कोणाचं मानायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय २५ आहे, पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करताय आणि मानसशास्त्र आवडीने वाचता. लहानपणी घरात वडिलांचा फार धाक होता. त्यामुळे ‘पहिल्या पाच-सहा वर्षांत माणूस घडून जातो’ हे फ्रॉइडचं मत वाचल्यापासून तुम्ही अस्वस्थ आहात. मी पुण्यातच समुपदेशनाचं काम करते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली तुमच्या वयाची मुलंमुली नेहमी भेटतात आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकांत या सगळ्यांच्या अवस्थांचा तक्ता असतो. तो पाठ करून तुलना होत नाही. प्रत्येकाच्या समोर कोण बसलं होतं आणि मुलाला मुळात काय हवं असतं असं त्याला वाटलं, हे दोन प्रश्न विचारले की फरक लगेच दिसतो.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्यासमोर व्हिएन्नातली मोठी माणसं कोचावर पडून बोलत होती. त्यांच्या आठवणी आणि स्वप्नं यांवरून मागे जात जात त्याने बालपणाचं चित्र तयार केलं. १९०५ मध्ये त्याने ही मांडणी सुरू केली आणि पुढे वर्षानुवर्षं तीत भर घातली. मुलाला सुख हवं असतं, त्या सुखाचं केंद्र आधी तोंड, मग गुद, मग लिंग असं सरकतं आणि आईवडिलांशी होणाऱ्या संघर्षातून पराहम्, म्हणजे मनात बसलेला दटावणारा आवाज, तयार होतो, असं ते चित्र. प्रत्यक्ष लहान मुलाचं त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे घोड्यांना घाबरणारा पाच वर्षांचा ‘छोटा हान्स’. हा वृत्तांत १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्यावरचे उपचारसुद्धा मुख्यतः वडिलांनीच केले. ते फ्रॉइडला टिपणं पाठवत. उपचारांच्या काळात फ्रॉइड मुलाला एकदाच भेटला. पण मला या कथेचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९२२ मध्ये हान्स १९ वर्षांचा होऊन फ्रॉइडला भेटायला गेला तेव्हा तो ठणठणीत होता आणि त्या भीतीतलं त्याला काहीही आठवत नव्हतं. मधल्या काळात त्याच्या आईवडिलांचा घटस्फोटही झालेला होता. पुढे तो ऑपेराचा नामवंत दिग्दर्शक झाला. पाच वर्षांच्या मुलाला इतकं सगळं सोसावं लागूनही त्याचं आयुष्य तिथे थिजलं नाही, हे फ्रॉइडने स्वतःच नोंदवून ठेवलंय.

तरी फ्रॉइडचं एक निरीक्षण मला माझ्या खोलीत रोज दिसतं. वडील दोन-तीनशे किलोमीटरवर गावी असतात आणि इथे अभ्यासिकेतून चहाला उठलं तरी मुलाला आतून कोणीतरी दरडावतं. पराहम् म्हणजे हेच. लैंगिक टप्प्यांचा क्रम मात्र मी बाजूला ठेवते, त्याला पुरेसा आधार मिळालेला नाही.

ॲडलर हा फ्रॉइडचा सुरुवातीचा सहकारी, १९११ मध्ये तो त्याच्यापासून वेगळा झाला. तो स्वतः लहानपणी मुडदूस झालेला, अशक्त मुलगा होता. त्याच्या मते प्रत्येक मूल लहान आणि दुबळं म्हणूनच सुरुवात करतं आणि त्या न्यूनतेवर मात करण्यासाठी जगण्याची एक शैली ठरवतं. ही शैली चार-पाच वर्षांतच ठरते, हे त्यालाही मान्य होतं. पण ती एखाद्या हेतूकडे नेणारी असते, आणि हेतू ओळखता आला तर बदलता येतो. ‘मी कुणाला काय सिद्ध करून दाखवायला ही परीक्षा देतोय?’ हा खास ॲडलरचा प्रश्न आहे, तुम्ही तो स्वतःला जरूर विचारा. मोठं भावंड असं, धाकटं तसं, ही त्याची कल्पना मात्र अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत फारशी टिकली नाही. फ्रॉइडपासून वेगळा झालेला दुसरा सहकारी युंग, त्याच्याबद्दल थोडक्यातच सांगते: त्याला उत्तरायुष्यात अधिक रस होता, तुमच्या प्रश्नावर त्याची मदत कमी.

खरी उलथापालथ लंडनमध्ये झाली, कारण तिथे प्रत्यक्ष मुलं समोर होती. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन लहान मुलांच्या खेळण्यातून त्यांचं मन वाचत होती. फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड हिला ते वाचन पटत नव्हतं, आणि दुसरं महायुद्ध चालू असताना या दोघींच्या गटांत कडाक्याचा वाद झाला. विनिकॉट बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होता. पॅडिंग्टन ग्रीनच्या मुलांच्या रुग्णालयात त्याने सुमारे ४० वर्षं आया आणि बाळं एकत्र पाहिली. नुसतं बाळ असं काही नसतंच, बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस मिळूनच असतात, हे त्याचं म्हणणं. ब्रिटिश मनोविश्लेषक बोल्बी याने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला आणि पुढे मांडलं की मूल दुधासाठी आईला बिलगत नाही, जवळीक हीच त्याची मूळ गरज आहे. म्हणजे फ्रॉइडच्या मुलाला सुख हवं होतं, या मंडळींच्या मुलाला माणूस हवा आहे. मला हे जास्त पटतं.

तुमच्यासाठी विनिकॉटची आणखी एक कल्पना मोलाची आहे. मोठ्यांच्या मर्जीप्रमाणेच वागावं लागलं की मूल एक आज्ञाधारक, खोटा ‘मी’ पुढे करतं आणि खरा ‘मी’ आत दडवून ठेवतं. धाकात वाढलेली मुलं ‘मला काय आवडतं तेच कळत नाही’ म्हणतात, तेव्हा मला हेच आठवतं. दडवलेलं हरवलेलं नसतं, असं विनिकॉट मानत होता. मीही मानते.

मनोविश्लेषक एरिक्सनने वाढीचे टप्पे म्हातारपणापर्यंत नेले. आठ टप्पे, आणि त्यांतला ‘मी कोण’ या स्वतःच्या ओळखीचा पेच तारुण्याच्या उंबरठ्यावरचा. समाज तरुणांना ठरवण्यासाठी थोडा अवधी देतो, तो त्याला आवश्यक वाटे. सदाशिव पेठ, नारायण पेठ म्हणजे मला असाच अवधी वाटतो: मेस, कॉट बेसिस, एक प्रयत्न, दुसरा प्रयत्न. घरचे याला ‘वर्षं वाया’ म्हणतात. एरिक्सनचा स्वतःचा अवधी बराच लांबला होता. जन्मदाता कोण हे त्याला कधीच कळलं नाही, शाळेनंतर तो चित्रं काढत युरोपभर भटकत होता, विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२७ मध्ये व्हिएन्नाच्या एका छोट्या शाळेत शिकवायला आला तेव्हा तो २५ वर्षांचाच होता. तिथे ॲना फ्रॉइडकडे त्याचं मनोविश्लेषण आणि प्रशिक्षण झालं. पुढे तो हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला.

यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आई, वडील आणि मूल एवढंच घर आहे, हेही लक्षात ठेवा. कलकत्त्यात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी पितृसंघर्षाबद्दल फ्रॉइडशी पत्रांतून मतभेद मांडले होते. पुढे मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी भारतीय घरातलं बालपण स्वतंत्रपणे अभ्यासलं. वडिलांच्या धाकाच्या जोडीला तुमच्या घरात पाठीशी घालणारी आजी, आत्या, काका कोणी होतं का? असेल तर त्या नात्यानेही तुम्हाला घडवलंय. नुसत्या वडिलांवरून स्वतःचा हिशेब मांडू नका.

आता ‘सगळं ठरून गेलंय का?’ बालमनाच्या अभ्यासक सेल्मा फ्रायबर्ग आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये लिहिलं की ज्या पालकांना आपल्या बालपणातलं दुःख भावनेसकट आठवतं, ते बहुधा आपल्या मुलांवर त्याची पुनरावृत्ती करत नाहीत. पालक-मुलांच्या नात्याची अभ्यासक मेरी मेन आणि सहकाऱ्यांना १९८० च्या दशकात मोठ्यांच्या मुलाखतींतून असंच काहीसं दिसलं: बालपण कसं होतं यापेक्षा ते माणूस किती सुसंगतपणे सांगू शकतो, यावरून त्याच्या मुलाशी जडणाऱ्या नात्याचा अंदाज जास्त नीट बांधता येतो.

त्या मुलाखतीतला एक भाग तुम्ही करून पाहू शकता. वडिलांशी असलेल्या नात्यासाठी पाच विशेषणं लिहा आणि प्रत्येकासमोर लहानपणचा एक नेमका प्रसंग. मग आईसाठी तेच. विशेषण सुचतं पण प्रसंग आठवत नाही, किंवा प्रसंग विशेषणाच्या उलट निघतो, अशा जागांवर खूण करा. लिहिताना फार जड वाटू लागलं तर एकट्याने पुढे जाऊ नका. तो कागद घेऊन समुपदेशकाकडे जा आणि खूण केलेल्या जागेपासून बोलायला सुरुवात करा.