पाडवा आणि पाण्याची पाळी

प्रिय ईशा,

पाडव्याच्या फोननंतर तू विचारलंस, "आपण इथे स्टुटगार्टला बाल्कनीत गुढी उभारतो, आणि आबा गावात असून अर्ध्यातून उठून शेतात जातात. त्यांना सणाचं काहीच वाटत नाही का?" मी तेव्हा ‘आज आबांची पाळी होती’ एवढंच म्हणाले. ते तुला पटलं नाही हे दिसलं, आणि प्रश्न मला लागलाही. फोनवर ही पाण्याची पाळी समजावून सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या मळ्यातली विहीर आबा आणि त्यांचे भाऊ नानाआजोबा व अण्णाआजोबा अशी तिघांत सामाईक आहे. सातबाऱ्यावर तिघांचा सारखा हिस्सा, मोटर एकच. एक दिवस आबांचा, दुसरा नानांचा, तिसरा अण्णांचा, की परत आबांचा. शेतीची वीज दिवसाचे आठच तास, एक आठवडा दिवसा आणि पुढचा आठवडा रात्री. त्या आठ तासांत जे भिजेल ते आपलं. वीज गेली, फ्यूज उडाला, घरात लग्न निघालं, तरी तो दिवस ज्याचा त्याचा जातो. दुसऱ्या दिवशी दुसरा भाऊ स्टार्टर दाबतो. नियम कडक आहे, पण याच नियमामुळे पाण्यावरून आमच्या घरात भांडण झालेलं नाही. आपल्या बागलाण तालुक्यात असं सगळ्या घरांबद्दल म्हणता येत नाही.

आता कांद्याचं बघ. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबरअखेरपासून जानेवारीत होते, काढणी एप्रिलमध्ये. म्हणजे पाडव्याला कांदा नेमका पोसत असतो. पात वाढायची थांबते आणि सगळं खाली गाठीत उतरायला लागतं. कांद्याची मुळं उथळ, वरच्या वीतभर मातीतच. चैत्राच्या उन्हात ती माती आठवड्यात कोरडी पडते. आबांचे दोन एकर कांदा आणि एक एकर घास (गुरांचा हिरवा चारा) व भाजीपाला. दर पाळीला एक एकर भिजतो, म्हणजे प्रत्येक तुकड्याला नवव्या दिवशी पाणी. एक पाळी हुकली की तोच तुकडा बाराव्या दिवसावर जातो. ताण बसलेल्या कांद्याला एकदम भरपूर पाणी मिळालं की तो फुटतो, एकाचे दोन होतात. जोडकांदा वेगळा काढावा लागतो, भाव पडतो आणि साठवणीच्या चाळीत टिकतही नाही. आबांना हे समोर दिसत असतं, त्यांना पुरणपोळी गोड लागणार कशी?

बरं, पाणी कायम देत राहायचं असंही नाही. पात पिवळी होऊन माना, म्हणजे पात गाठीला जुळते ती जागा, पडायला लागल्या की पाणी तोडायचं, साधारण काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी. लोभाने एखादं जास्तीचं पाणी दिलं तर वजन थोडं वाढतं, पण मान जाड राहते, वाळत नाही, आणि तिथूनच सड लागते. म्हणून पाडव्यानंतर मोजकीच पाणी उरलेली असतात.

एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर दोन लाख लिटर लागतं. पाच अश्वशक्तीची मोटर ते सहा-सात तासांत देते, सगळं सुरळीत असेल तर. आठ तासांतला उरलेला वेळ धावपळीतच जातो. वाफ्यांना असं पाणी देण्याला आम्ही लहान असताना ‘बारे देणं’ म्हणायचो, आणि आम्हा भावंडांना ते फावडं हाती येण्याआधी यायचं. पाटाचं पाणी दांडात, म्हणजे वाफ्यांमधल्या चरात, येतं, दांडाच्या दोन्ही अंगाला वाफे. सुरुवात शेवटच्या वाफ्यापासून. तो भिजला की अलीकडच्या वाफ्याचं तोंड फोडायचं आणि त्याच्या लगेच खाली दांडात फावडंभर चिखल टाकून आडवा बांध घालायचा. मग भिजलेल्या वाफ्याचं तोंड बुजवायची गरज राहत नाही, खालच्या दांडात साचलेलं पाणीही त्यातच जिरतं. आणि वाफा शेवटपर्यंत भरू द्यायचा नाही. पाऊण भिजला की तोडायचं, उरलेला पाव वाफा चालतं पाणीच गाठतं. नवशिका माणूस टोकाला पाणी पोचायची वाट बघतो, मग तिथे डबकं साचतं आणि त्या कोपऱ्यातला कांदा पिवळा पडतो.

चप्पल काढून दांडात उतरायचं ते काही पाण्याला नमस्कार म्हणून नाही (माई तसं सांगायच्या, ती गोष्ट वेगळी). अनवाणी पायाला धार कमी झालेली लगेच कळते. धार कमी म्हणजे वर कुठेतरी दांड फुटलाय, बहुतेक उंदराच्या बिळापाशी. नुसती माती टाकून ते बीळ बुजत नाही, पाणी ती वाहून नेतं. आधी गवताचा बोळा कोंबायचा, वर ओला चिखल, मग पायाने दाबायचं. तोवर इकडचा वाफा तुंबलेला असतो. म्हणून बाऱ्याला दोन माणसं लागतात, एक दांडावर आणि एक वाफ्यावर. आबा आता एकटेच असतात.

विहिरीचंही वसंतात तेच. माघ सरला की पाणी खाली जातं. काठावरच्या कप्प्यात बसवलेली मोटर साधारण वीस-पंचवीस फुटांपर्यंतचंच पाणी ओढते, त्याखाली ती हवा खाते, आवाज घरघरीत होतो आणि पाणी सुटतं. मग मोटर दोरखंडाने खालच्या कप्प्यात उतरवायची, पाइपाचा तुकडा काढायचा, परत पाणी भरून चालू करायची. फूटव्हॉल्व्हमधून, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेतून, पाणी गळत असेल तर भरताना त्यात शेणकाला ओततात, फटी तेवढ्यापुरत्या बुजतात. हरणबारी धरणातून मोसम नदीला आवर्तन, म्हणजे ठरावीक काळाने सोडायचं पाणी, सुटलं की काठच्या विहिरींचे झरे जरा वाढतात. ते कधी सुटणार यावर आबांचा सगळा मार्च-एप्रिल बेतलेला असतो. फोनवर ते "पाणी आलं का?" असं नानांना ओरडून विचारतात ना, ते हेच.

तर सण. आमच्या घरी पाडवा पाळीप्रमाणे पुढेमागे व्हायचा. दिवसाची वीज असली तर गुढी उजाडताच उभी राहायची. वेळूची काठी, माईंचं ठेवणीतलं खणाचं कापड, कडुलिंबाचा डहाळा, साखरेचे हार-कडे, वर तांब्या. लिंबाचा पाला, गूळ, ओवा वाटलेली गोळी आबा उभ्या उभ्या तोंडात टाकायचे आणि निघायचे. नैवेद्य दाखवून झाला की एक ताट फडक्यात बांधून मळ्यात. आम्हा मुलींपैकी कोणीतरी ते न्यायचं. आबा बांधावर बसून, पायाला चिखल तसाच, पोळी दुधात कुस्करून खायचे, आणि मधेच उठून वाफा फोडून यायचे. सण झाला नाही असं आम्हाला कधी वाटलं नाही. तिथे काम थांबवून नव्हे, कामात सांभाळूनच सण व्हायचा.

हे लिहिताना मी आबांची बाजू घेतेय हे मला कळतंय. सगळंच पटतं असं मात्र नाही. माई पहाटे चारला उठून पुरण घालायच्या, दुपारी कांद्याच्या खुरपणीला बायकांबरोबर वाकायच्या, आणि त्यांची पाळी कधी संपते हे कोणी विचारलं नाही. रात्रीच्या विजेवर बारे द्यायला जाणारी माणसं साप-विंचू आणि उघड्या वायरींच्या धोक्यातून जातात. त्याला कष्टाळूपणा म्हणून मिरवणं मला जमत नाही. मामा म्हणतो तसं ठिबक केलं तर गादीवाफ्यावर दोन नळ्या टाकून, रोज थोडं थोडं पाणी देऊन, यातलं बरंच वाचेल. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालयही तेच सुचवतं. आबांचं म्हणणं, विहिरीच्या क्षारांनी तोट्या बुजतात, उंदीर नळ्या कुरतडतात, आणि ठिबकला रोज पाणी हवं, तिसऱ्या दिवशीची पाळी चालत नाही. शेवटचा मुद्दा खरा आहे. शेततळं केलं तर तो सुटतो, पण त्यासाठी तिघांनी एकत्र बसायला हवं, आणि त्या बैठकीला तिघंही टाळाटाळ करतात.

तू शेती शीक, उन्हाळ्यात तिकडे जाऊन रहा, असं मी म्हणत नाही. तुला दांडात उतरायचं नसेल तर नको उतरू. मीही ते सोडूनच इथे आले. फक्त ‘आबांना सणाचं काही वाटत नाही’ हे मनातून काढून टाक. त्या दिवशी ते उठले नसते तर त्यांचं पाणी हातचं गेलं असतं आणि कांदा फुटला असता. उठले तरी आधी त्यांनी गुढीला हळदकुंकू वाहिलं होतं. तू कॅमेऱ्यात बघितलं नसशील, ते बाजूला होतं.

तुला त्यांच्याशी बोलायचं असेल तर ‘कसे आहात’ विचारू नकोस, ‘बरं आहे’ यापुढे ते जात नाहीत. ‘माना पडल्या का?’ असं विचार. मग दहा मिनिटं बोलतील. या आठवड्यात वीज रात्रीची आहे, म्हणजे पहाटेपर्यंत ते मळ्यात आणि मग झोपलेले. आपल्याकडे सकाळी सात वाजले की तिथे साडेदहा होतात, तेव्हा लाव. शाळेच्या आधी जमेल.

तुझी,
आई