अँचेलोत्ती आणि टर्फवरचा पोरगा

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो, दर रविवारी सकाळी सोसायटीतल्या पोरांची टर्फवर सात-सातची फुटबॉल मॅच घेतो. मेहुण्याशी कायम वाद, तो म्हणतो फुटबॉल मॅनेजर अँचेलोत्तीला आयते स्टार मिळाले म्हणून कप मिळाले. खरंय का? अजून एक, आमच्यात एक पोरगा आहे, बॉल झकास खेळवतो पण आमच्या ठरलेल्या २-३-१ मध्ये (मागे दोन, मध्ये तीन, पुढे एक) कुठेच बसत नाही, पुढे ठेवला की बॉल मागायला सारखा मागेच येतो. काय करू?

उत्तर: मेहुण्यांना विचारा, १९९५-९६ ला त्याने रेज्जियाना या इटलीतल्या छोट्या क्लबला दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आणलं तिथे कुठले हो स्टार? आणि स्टार तर बाकीच्या मॅनेजरकडेही होतेच की, पण युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप, चॅम्पियन्स लीग, मॅनेजर म्हणून पाचदा (एसी मिलानकडून दोन, रियाल माद्रिदकडून तीन) दुसऱ्या कुणाला जमली नाही, आणि इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्पेन पाचही ठिकाणची लीग जिंकणारा हा एकटाच.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. इटलीच्याच पार्मा क्लबला मॅनेजर असताना हा बाबा त्याचा गुरू, कोच साक्की, याच्या ४-४-२ ला (मागे चार, मध्ये चार, पुढे दोन) इतका चिकटलेला की झोला या फॉरवर्डला विंगवर, म्हणजे कडेला, ढकललं, तो वैतागून चेल्सीला गेला, मग १९९७ ला इटलीचा स्टार रोबेर्तो बाज्जिओ येत होता, त्याला स्ट्रायकरच्या मागे खेळायचं होतं, तर यानेच नको म्हटलं. बाज्जिओ गेला बोलोन्या क्लबला आणि त्या सीझनला लीगमध्ये २२ गोल! नंतर चुकलं हे स्वतः कबूल केलंय त्याने.

मग मिलानला त्याच्या हाताखाली आला पिर्लो. हा मूळचा पुढे खेळणारा, पण तेवढा स्पीड नाही, म्हणून त्याला सरळ डिफेन्सच्या पुढ्यात आणला, तिथून आरामात पास देत बसायचा आणि पळापळ करायला शेजारी गात्तुसो हा दमदार मिडफिल्डर. २००३ चा चॅम्पियन्स लीगचा कप तसाच आला. (२००५ ला इस्तंबूलच्या फायनलमध्ये हाफटाइमला ३-० पुढे असून लिव्हरपूलकडून घालवलाही, मेहुणे ते काढणारच, तेव्हा २००७ च्या फायनलला त्याच लिव्हरपूलला २-१ हरवलं हे तयार ठेवा.)

तर येत्या रविवारी त्या पोराला दोन डिफेंडरच्या पुढ्यातच उभा करा, मागे येतोय ना, येऊ दे, बाजूला एक दमदार पळणारा द्या. लगेच गोल नाही झाले तर दहा मिनिटांत बदलू नका, चार रविवार बघा. आणि मेहुण्यांनाही घेऊन जा, गोलीला कोणी उभं राहत नाहीच.